संरक्षण कापसाला, सुताला की कापडाला?

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. सूतगिरण्या आणि तयार कपड्यांच्या निर्यातदारांनी निर्णयाचं स्वागत केलं. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यामुळे निदान कच्चा माल तरी स्वस्त मिळावा, ही त्यांची मागणी होती. विदर्भ-मराठवाड्यातले कापूस उत्पादक मात्र संतापले. वेचणी दीड-दोन महिन्यांवर आली असताना परदेशी गाठींना दार उघडलं, तर आमच्या कापसाला भाव कोण देणार, असं ते विचारत होते.

दोघांचीही मागणी एकच होती: आम्हाला वाचवा. दोघंही एकाच उद्योगातले. तरीही एकाला वाचवलं की दुसरा अडचणीत येतो. ‘देशी कापड उद्योगाला संरक्षण द्या’ हे वाक्य ऐकायला सरळ वाटतं, पण कापड उद्योग नावाची एकसंध गोष्टच नाही. शेतात कापूस होतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जातात, सूतगिरणीत सूत निघतं, यंत्रमागावर ग्रे (न धुतलेलं, न रंगवलेलं) कापड विणलं जातं, प्रोसेस हाउसमध्ये त्याची धुलाई-रंगाई होते आणि शेवटी शिलाई होऊन सदरा तयार होतो. या साखळीत प्रत्येकाचा पक्का माल हा पुढच्याचा कच्चा माल असतो. त्यामुळे एका टप्प्यावर लावलेलं शुल्क पुढच्या टप्प्यावर खर्च म्हणून उतरतं.

हे आकड्यांत बघितलं की जास्त स्पष्ट होतं. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. समजा एक मीटर ग्रे कापडात ६० रुपयांचं सूत जातं आणि ते कापड ७५ रुपयांना विकलं जातं. मधले १५ रुपये यंत्रमागधारकाचे. त्यातून वीजबिल, सायझिंग (सुताला खळ देणं), कामगाराची मजुरी, मागाची दुरुस्ती, कर्जाचा हप्ता भागवून जे उरेल ते घरी न्यायचं. आता सुतावर किंवा कापसावर शुल्क लागलं आणि सूत १० टक्क्यांनी महागलं. ६० चे ६६ झाले. बाहेरून येणारं कापड ७५ लाच मिळत असेल, तर याला भाव वाढवता येत नाही. त्याच्या हातात १५ ऐवजी ९ रुपये राहिले. शुल्कामुळे सूत महागलं १० टक्के, पण विणणाऱ्याचं उत्पन्न घटलं ४० टक्के.

उलट बाजूही पाहा. सूत ६० लाच आहे आणि परदेशी कापडावर २० टक्के शुल्क बसलं. बाहेरचं कापड आता ९० रुपयांना पडतं. मग देशी विणकरालाही ९० च्या जवळपास भाव मागता येतो आणि त्याचे १५ रुपये ३० पर्यंत जाऊ शकतात. कागदावर शुल्क २० टक्के, प्रत्यक्षात त्याच्या कामाला मिळालेलं संरक्षण १०० टक्के. अर्थशास्त्रात याला प्रभावी संरक्षण म्हणतात, आणि शुल्काच्या कोणत्याही घोषणेकडे बघताना हाच हिशेब आधी करायला हवा. अर्थात, ते जादाचे १५ रुपये कुणीतरी भरतंच. इथे ते शिलाई करणारा कारखाना भरतो, आणि त्याच्याकडून ते गिऱ्हाइकापर्यंत जातात. तो कारखाना निर्यात करत असेल तर परदेशातलं गिऱ्हाईक वाढीव भाव मान्य करत नाही. मग तो ऑर्डर गमावतो. शिलाईच्या कामात बायका मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे याची पहिली झळ त्यांना बसते.

मुंबईच्या गिरण्यांनी ही सगळी गुंतागुंत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी भोगली आहे.

सुरुवातीला तर राज्यकर्तेच विरोधात होते. १८९६ साली सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवलं आणि भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्केच उत्पादन शुल्क लावलं, म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांच्या मालाला इथे कोणताही तोटा राहू नये. हा उघड अन्याय होता. तो जायला १९२६ साल उजाडावं लागलं. तोवर लँकेशायरहून मोठा प्रतिस्पर्धी उभा राहिला होता, जपान. पहिल्या महायुद्धानंतर जपानी सूत आणि कापड भारताच्या बाजारात भराभर शिरलं.

यादरम्यान १९२१-२२ च्या राजकोषीय आयोगाने संरक्षण कोणाला द्यावं, याच्या तीन कसोट्या ठरवल्या होत्या. उद्योगाला कच्चा माल, मजूर, बाजारपेठ असे नैसर्गिक फायदे असावेत. संरक्षणाशिवाय त्याची वाढ होणं अशक्य किंवा फार संथ असावं. आणि पुढे कधीतरी त्याला संरक्षणाशिवाय जगाशी टक्कर देता यावी. वसाहतवादी सरकारने त्या मनापासून वापरल्या असं नाही, पण तिसरी कसोटी मला आजही फार मोलाची वाटते. कारण तिच्यामुळे ‘कधीपर्यंत?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा लागतो.

१९३० मध्ये कापड उद्योग संरक्षण कायदा आला. ब्रिटिश कापडावर १५ टक्के, इतरांच्या कापडावर २० टक्के. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्ण परिमाण (चलनाची सोन्याशी घातलेली सांगड) सोडलं, येन घसरला आणि जपानी कापड आणखी स्वस्त झालं. त्यापाठोपाठ भारतातलं शुल्क चढत गेलं: १९३२ मध्ये ब्रिटिशेतर कापडावर ५० टक्के आणि जून १९३३ मध्ये थेट ७५ टक्के.

जपानने याला कापडाच्या बाजारात उत्तर दिलं नाही, कापसाच्या बाजारात दिलं. भारतीय आखूड धाग्याच्या कापसाचा तो सर्वांत मोठा ग्राहक होता. जपानी सूतगिरण्यांनी १९३३ मध्ये भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. मंदीने आधीच भाव कोसळलेले, त्यात मुख्य गिऱ्हाईक गेलं. वऱ्हाड आणि खानदेशच्या शेतकऱ्याचा गिरणीमालकांच्या शुल्काशी काही संबंध नव्हता, पण त्या शुल्काची किंमत त्याच्या कापसाला मोजावी लागली. शेवटी १९३४ मध्ये भारत आणि जपान यांच्यात करार झाला. शुल्क ५० टक्क्यांवर आलं आणि कापड व कापूस यांची सांगड घातली गेली. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला तर ३२.५ कोटी वार कापड भारतात विकता येईल, १५ लाख गाठी घेतल्या तर जास्तीत जास्त ४० कोटी वार. शेतकरी आणि गिरणी यांचे हितसंबंध एकाच कागदावर आणण्याचा असा ठोस प्रयत्न त्यानंतर आपल्याकडे क्वचितच झाला आहे.

आणि एवढ्या संरक्षणानंतर मुंबईचं काय झालं? १९३४ मध्येच मजुरीकपातीविरुद्ध गिरणगावात सार्वत्रिक संप झाला. शुल्काची भिंत देशाभोवती होती, मुंबईभोवती नव्हती. तिच्या आड अहमदाबाद, सोलापूर, कोइमतूर इथल्या गिरण्या वाढल्या. तिथे मजुरी कमी होती, जागा स्वस्त होती, गिऱ्हाईक जवळ होतं. बाहेरचा स्पर्धक थोपवला, पण मुंबईच्या गिरण्यांना मागे खेचणाऱ्या कारणांपैकी बरीचशी देशातलीच होती. स्वातंत्र्यानंतर हातमागाला वाचवण्यासाठी गिरण्यांच्या मागांवर मर्यादा घातली गेली, तेव्हा मोकळी झालेली जागा हातमागापेक्षा यंत्रमागाने जास्त व्यापली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांच्या वाढीत या धोरणाचा मोठा हात आहे. १९८२ च्या संपानंतर तर गिरण्यांचं कितीतरी काम तिकडेच वळलं.

संरक्षणाचा सर्वांत लांबलेला प्रयोग मात्र श्रीमंत देशांनी केला. १९७४ ते १९९४ या काळात ‘मल्टी फायबर अरेंजमेंट’ नावाची व्यवस्था होती, आणि त्यानंतर दहा वर्षं ती टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्यात आली. अमेरिका आणि युरोपने गरीब देशांवर कोटा बसवला: अमुक देशाने तमुक प्रकारचे कपडे वर्षाला इतकेच पाठवायचे. शुल्क आणि कोटा यांतला फरक इथे समजून घेण्यासारखा आहे. शुल्क लावलं तर वाढलेली किंमत निदान आयात करणाऱ्या सरकारच्या तिजोरीत जाते. कोट्यात ती ज्याच्या हाती कोटा आहे त्याच्या खिशात जाते. आपल्याकडे हा कोटा निर्यातदारांमध्ये वाटला जाई आणि त्याची खरेदी-विक्रीही चाले. काहीही न शिवता, नुसता कोटा विकून पैसे मिळवता येत.

कोट्याचा दुसरा परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. दक्षिण कोरियाच्या कंपन्यांचा कोटा भरला की त्या ज्याला कोट्याची अडचण नाही असा देश शोधू लागत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोरियाच्या देवू कंपनीने बांगलादेशातल्या देश गारमेंट्सशी करार केला आणि १३० जणांना कोरियात नेऊन शिलाईच्या कारखान्याचं काम शिकवलं. त्यातले बहुतेक पुढे बाहेर पडले, आणि कोणी स्वतःचे कारखाने काढले, तर कोणी दुसऱ्यांचे उभे केले. आज ज्याची धास्ती तमिळनाडूतलं तयार कपड्यांचं केंद्र तिरुपूर घेतं, त्या बांगलादेशी उद्योगाची सुरुवात अशी अमेरिकेच्या संरक्षणातून झाली. अमेरिकेतले रोजगार वाचले का? १९९० मध्ये तिथे कपडे बनवण्याच्या उद्योगात नऊ लाखांहून जास्त लोक होते, २०११ मध्ये दीड लाखाच्या आसपास. सुती टी-शर्टवर १६.५ टक्के आणि कृत्रिम धाग्याच्या कित्येक कपड्यांवर ३२ टक्के शुल्क तर कोटा गेल्यानंतरही होतंच. ज्या कामात मशीनपेक्षा हात जास्त लागतात ते काम गेलंच. सूतकताई आणि तांत्रिक वापराचं कापड अशी भांडवलावर चालणारी कामं मात्र बऱ्यापैकी तगली. म्हणजे संरक्षणाने वेळ मिळतो हे खरं, पण त्या वेळात यंत्रं आणि माल बदलणाऱ्यांनाच त्याचा उपयोग झाला.

आता आपल्या सध्याच्या धोरणाकडे येऊ.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये भारताने ३२८ प्रकारच्या कापड-कपड्यांवरचं आयात शुल्क १० वरून २० टक्के केलं. रोख चीनवर होता. पण दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारानुसार बांगलादेशातून येणाऱ्या कपड्यांना २०११ पासून शुल्क जवळपास माफच आहे. त्यामुळे चिनी कापड बांगलादेशात शिवून भारतात बिनशुल्क येतं, ही आपल्या उद्योगाची जुनी तक्रार. मे २०२५ मध्ये सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरच्या नाक्यांतून बंदी केली आणि फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं खुली ठेवली. शुल्क शून्यच राहिलं, पण वाहतुकीचा वेळ आणि खर्च वाढला. शुल्काला हात न लावताही आयात अवघड करता येते, ती अशी.

टक्केवारीच्या शुल्काला आणखी एक पळवाट आहे. २० टक्के कशाचे? कागदावर दाखवलेल्या किमतीचे. निटेड (होजिअरीसारखं गुंफलेलं) कापड किलोला एक डॉलर, म्हणजे डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ८५ रुपये, एवढंच दाखवलं तर शुल्क पडतं १७ रुपये. खरी किंमत त्याच्या तिप्पट असली तरी बंदरावर ते सिद्ध करणं अवघड. म्हणून मार्च २०२४ मध्ये काही कृत्रिम निटेड कापडांना किलोमागे साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत ठरवली गेली. २०२५ च्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारच्या निटेड कापडांवर २० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांतलं जे जास्त असेल ते शुल्क आलं. आता किंमत कितीही कमी दाखवली तरी ११५ रुपये चुकत नाहीत. हा उपाय मला नीट विचार करून केलेला वाटतो. तो खोटी बिलं करणाऱ्याला अडवतो, आणि प्रामाणिक किंमत दाखवणाऱ्या महाग मालावर त्याचा जादा बोजा पडत नाही.

हाच विवेक कच्च्या मालाच्या बाबतीत दिसला नाही. २०२३ मध्ये व्हिस्कोस आणि पॉलिस्टरच्या तंतू-धाग्यांवर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाले. परदेशी कारखान्याने भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय माल आत येणार नाही. निकृष्ट माल रोखणं हा हेतू कोणालाही पटेल. पण प्रमाणपत्रासाठी परदेशी कारखान्याची तपासणी व्हावी लागते, तिला महिनोन्महिने लागतात आणि लहान खरेदीदारासाठी परदेशी उत्पादक एवढी खटपट करत नाही. देशात व्हिस्कोस तंतू बनवणारे मोजकेच. बाहेरचा माल थांबला की ते सांगतील तो भाव. सुरत-भिवंडीच्या विणकराच्या नजरेने पाहिलं तर हे संरक्षण त्याच्या पुरवठादाराला मिळालं आणि त्याचं बिल त्याच्या नावावर फाडलं गेलं. याआधी पॉलिस्टरचा कच्चा माल असलेल्या पीटीएवरचं अँटी-डंपिंग शुल्क (अवाजवी स्वस्त परदेशी माल रोखण्यासाठीचं जादा शुल्क) २०२० च्या अर्थसंकल्पात याच कारणासाठी काढावं लागलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉलिस्टर आणि व्हिस्कोसचे गुणवत्ता आदेशही सरकारने मागे घेतले. ते योग्यच झालं, फक्त दोन वर्षं उशिरा.

मोठा निर्यातदार अशा शुल्कातून बऱ्याचदा सुटतो, हे इथे सांगायला हवं. निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल शुल्क न भरता आणण्याची सोय त्याला असते. इचलकरंजीतला आठ-बारा मागांचा धनी निर्यात करत नाही, कापूस आयात करत नाही. तो जवळच्या व्यापाऱ्याकडून सूत घेतो, तेही चढ्या भावाने. कच्च्या मालावरच्या शुल्काचा सगळ्यात पूर्ण भार त्याच्यावरच पडतो.

मग कापसाचं काय करायचं? परदेशी गाठींवरचं शुल्क नको, असं म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडणं आहे का? तसं होऊ नये, आणि त्यासाठी शुल्क नेमकं काय करतं हे पाहायला हवं. ११ टक्के शुल्क फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं. पुढच्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला, पण तो जगभरच्या तेजीमुळे. एप्रिल २०२२ मध्ये गिरण्यांच्या मागणीवरून शुल्क काही महिन्यांसाठी उठलं आणि पुन्हा लागलं. त्यानंतर शुल्क असतानाही भाव उतरले. भाव ठरवण्यात न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराचा हात शुल्काहून मोठा आहे. शेतकऱ्याला खरं संरक्षण हमीभावाने होणाऱ्या खरेदीतून मिळतं. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव ठरला होता. पण सीसीआयचं (भारतीय कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र वेळेवर उघडलं नाही, ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला किंवा मोबाइलवरच्या ॲपमध्ये नोंदणी राहिली, की तोच शेतकरी कमी भावात व्यापाऱ्याला कापूस घालतो. ज्याला दिवाळीचा आणि उसनवारीचा खर्च भागवायचा आहे, तो थांबू शकत नाही. मुळात आपलं उत्पादन हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास अडकलं आहे, आणि ब्राझीलचं त्याच्या चौपट. कोरडवाहू शेती, गुलाबी बोंडअळी, बियाणांत थांबलेली प्रगती ही कारणं आयात शुल्काने दूर होत नाहीत. शेतकऱ्याला पैसा सरकारी तिजोरीतून थेट जावा, विणकराच्या पंधरा रुपयांतून नको. सरकार तिजोरीतून देत नाही आणि शुल्क लावून मोकळं होतं, कारण शुल्काला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही.

तरीही हमीभावाची खरेदी खरोखर सुरू होण्याआधी, वेचणीच्या तोंडावर शुल्क उठवणं चूकच. तेच शुल्क मे-जूनमध्ये, शेतकऱ्याचा कापूस विकून झाल्यावर, गिरण्यांना तुटवडा भासतो तेव्हा उठवलं असतं तर संताप एवढा झाला नसता. हंगाम पाहून शुल्क कमी-जास्त करण्याचं वेळापत्रक आधीच जाहीर करता येतं. शेतकऱ्याला पेरताना कळेल आणि गिरणीला खरेदी ठरवताना.

कापडावरच्या शुल्काला माझा पाठिंबा आहे, कारण त्या टप्प्यावर माणसं जास्त आहेत आणि बाहेरून येणारा माल बऱ्याचदा खोट्या किमतीचा असतो. पण त्याला मुदत हवी आणि मागांच्या बदलाशी जोड हवी. भिवंडी-मालेगावातल्या कितीतरी शेडमध्ये अजून साधे, दशकानुदशकं जुने माग धडधडतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात विनाधोटा मागांच्या आणखी दोन प्रकारांवरचं साडेसात टक्के आयात शुल्क शून्यावर आणलं गेलं, ही योग्य दिशा. मात्र रॅपियर या विनाधोटा मागाची किंमत लहान धन्याच्या आवाक्यात तेवढ्याने येत नाही. तंत्रज्ञान सुधारणेची अनुदान योजना १९९९ पासून चालली आणि मार्च २०२२ मध्ये संपली. तिच्यातही पतपुरवठा सहज मिळणाऱ्या मोठ्यांनाच जास्त वाटा मिळाला. चार-सहा जणांनी मिळून शेड आणि माग घ्यायचे तर त्यांना सामाईक हमी आणि स्वस्त कर्ज लागेल.

याहून अवघड आहे खर्चीवाल्याचं दुखणं. हा स्वतः सूत घेत नाही, कापड विकत नाही. व्यापारी बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) आणि सूत देतो, हा मजुरीवर विणून देतो आणि मजुरी ठरते ‘पिका’च्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीच्या, पैशांवर. परदेशी कापडावर शुल्क वाढलं, कापडाचा भाव चढला, तरी जादाचे पैसे आधी व्यापाऱ्याकडे जातात. प्रति पीक मजुरी वाढवून घेण्यासाठी खर्चीवाल्याला वेगळं भांडावं लागतं, आणि त्याच्याकडे विणणाऱ्या कामगाराला त्याच्याशी वेगळं. केंद्राच्या शुल्काच्या अधिसूचनेत या दोघांचा उल्लेख कुठेच नसतो. त्यांचं काम राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या तीन गोष्टींवर अडतं: किमान वेतनाची अंमलबजावणी, यंत्रमागाच्या वीजदरातली सवलत, आणि मजुरीचा दर कापसा-सुताच्या भावाप्रमाणे ठराविक काळाने बसून ठरवण्याची पद्धत. निटेड कापडावर किलोमागे ११५ रुपये लावताना त्यातले किती पैसे शेडपर्यंत पोचले हे मोजायची जबाबदारी कोणावरही टाकली गेली नाही. ती टाकता येईल. यंत्रमाग केंद्रांत प्रति पीक मजुरी काय चालली आहे याची नोंद दर तिमाहीला जाहीर करायची, आणि शुल्काची मुदत वाढवण्याआधी ती नोंद पाहायची, एवढंच.